व्याह्यांची गाडी

कुंभार्ली घाटात, वरच्या मोठ्या वळणाच्या अलीकडे, गाडी नेहमीच्या जागी थांबली होती. बॉनेट उघडं होतं आणि आतून वाफ येत होती. श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, डबा घेऊन झऱ्याकडे गेला होता. माझे सासरे आबा शेटे धोतराचा सोगा हातात धरून इंजिनाकडे बघत उभे होते. कराडच्या आमच्या कापडाच्या दुकानात एखादं गिऱ्हाईक दहा ठाणं उलगडायला लावून काही न घेता निघून गेलं की ते त्या ठाणांकडे असेच बघायचे. मी तांब्याची कळशी घेऊन त्यांच्या मागे उभी होते. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, पण घाटात कळशी धरण्यात मी तरबेज झाले होते.

"निवू दे जरा," आबा म्हणाले. "इंजिन हाय, तापणारच की."

हे ते दर वेळी म्हणायचे आणि माझ्याकडे न बघता म्हणायचे. गाडी माझ्या वडिलांकडून आलेली. आबा मला काही बोलले असते तर बरं झालं असतं, निदान मला तोंड फुगवून बसता आलं असतं. चांगल्या माणसासमोर तेवढीही सोय नसते.

तेवढ्यात खालून चिपळूण-कराड एस.टी. गुरगुरत चढत आली. वळणावर तिचा वेग पायी चालणाऱ्याइतका झाला आणि ती आमच्या अगदी शेजारून गेली. मधल्या एका खिडकीत मला माझे वडील, म्हणजे भाऊ, दिसले.

याच माणसाने त्याच सकाळी चिपळुणात दारात उभं राहून आम्हाला निरोप दिला होता. अंगात तोच सदरा होता. आमची नजरानजर झाली आणि भाऊंनी चटकन मान पुढच्या बाकाआड घातली. बस वळणाआड गेली.

"वळखीचं कोण हुतं का?" आबांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले आणि कळशी पुढे केली.

ही गाडी आमच्यात कशी आली ते सांगायला हवं, कारण तसं ते कुणालाच नको होतं. भाऊंना द्यायची नव्हती आणि आबांना घ्यायची नव्हती.

भाऊ चिपळूणला एका हायस्कुलात हेडक्लार्क होते. आई गेल्यावर त्यांनी एका डॉक्टरांची वापरलेली पांढरी गाडी घेतली आणि रविवारी मला गुहागरला समुद्रावर न्यायला लागले. घरात दोघंच, त्यामुळे गाडीला घरातलंच कोणीतरी असल्यासारखा मान होता. माझं लग्न ठरत असताना आबा कराडहून बघायला आले. भाऊ त्यांना त्या गाडीतून गुहागरला देवदर्शनाला घेऊन गेले. मी मागे बसले होते, म्हणून सगळं कानांनी ऐकलं.

"गाडी लई झकास ठेवलीय तुम्ही," आबा म्हणाले. पाहुण्याने काहीतरी चांगलं बोलायचं असतं, तसं.

"तुमचीच आहे," भाऊ म्हणाले. मुलीच्या बापाने हे म्हणायचं असतं, तसं.

आमच्याकडे हे वाक्य चहाच्या कपापासून आमराईपर्यंत कशालाही लावतात आणि ऐकणाऱ्याने हसून सोडून द्यायचं असतं. आबा हसले नाहीत. पुढे कधीतरी त्यांनीच श्रीकांतला सांगितलं, की नको म्हणावं तर व्याह्यांचा अपमान, फुकट घ्यावी तर तो हुंडा, आणि शेट्यांच्या घरात हुंडा आजवर घेतला नव्हता. म्हणून त्यांनी मधला रस्ता काढला. देवळाच्या पायऱ्या उतरता उतरता ते म्हणाले, "बरं, तुमची इच्छाच हाय तर घेतो. पण पुरी किंमत देऊन." आणि दिली.

भाऊंचा चेहरा त्या वेळी पडला. मला वाटलं, गाडी जातेय म्हणून.

त्या एस.टी.नंतर मी गणपतीला माहेरी गेले तेव्हा भाऊंना स्वयंपाकघरात गाठलं. ते चहा गाळत होते.

"त्या दिवशी तुम्ही एस.टी.त काय करत होतात?"

"कोयनानगरला काम होतं."

"कसलं?"

"परत यायचं." गाळणी हातात धरून ते तसेच उभे राहिले. "नीलू, तुम्ही निघालात की मला घरात बसवत नाही गो. मागची एस.टी. पकडतो. वळणावर गाडी दिसली नाही तर चढली म्हणायचं. दिसली तर... दिसतेच ती. मग कोयनानगरला उतरायचं नि पुढची गाडी पकडून खाली यायचं."

"दर वेळी?"

त्यांनी कपात चहा ओतला, तो बशीत सांडला.

मग त्यांनी सांगितलं. गाडी देण्याच्या आधीच्या पावसाळ्यात आमच्या फिटरने त्यांना बजावलं होतं, की इंजिनाच्या हेडला चीर आहे, सपाटीवर हवी तितकी पळवा, घाट चढायची नाही. भाऊंना कुठे घाट चढायचा होता. गुहागरला जायला घाट लागत नाही. आणि मग त्यांनी मुलगी घाटावर दिली.

"तेव्हाच सांगायचं होतं ना."

"कसं सांगू? तुमचीच आहे म्हटलं, त्यांनी घेतो म्हटलं, आणि मी लगेच म्हणू, की नको, खराब आहे? शब्द फिरवला असंच वाटलं असतं त्यांना. तुझं सगळं ठरत आलेलं."

"मग आता सांगा."

"आता?" भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मला काहीच कळत नाही. "आता तर तू तिथे राहतेस."

मी तो सांडलेला चहा पुसला. त्या दिवसापासून भाऊंना ठाऊक असलेलं मलाही ठाऊक झालं आणि मी ते घेऊन घाट चढून सासरी आले. येताना गाडी थांबलीच. आबा म्हणाले, "इंजिन हाय, तापणारच की," आणि मला त्या कळशीत डोकं घालावंसं वाटलं.

रविवारी भाऊंचा दुकानात फोन यायचा. मी घेतला की पहिला प्रश्न ठरलेला असायचा.

"गाडी कशी आहे?"

"छान," मी म्हणायचे. समोर गादीवर आबा बसलेले असायचे. दुसरं काय म्हणणार होते?

"हां. आणि तू?" असं मग ते विचारायचे, पण तोवर त्यांचा आवाज दमलेला असायचा.

इकडे आबांच्या डोक्यात वेगळंच काहीतरी शिजत होतं. एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, मी त्यांना डबा घेऊन गेले होते. जेवता जेवता ते एकदम म्हणाले, "नीलाबाई, एक विचारू? तुझ्या वडलांचा त्या गाडीत लई जीव हुता का गं?"

"का हो?"

"न्हाई, मी बघतोय. आपण चिपळूणला गेलो की भाऊसाहेब आधी बॉनेटवर हात ठेवत्यात. लेकीकडं, जावयाकडं नंतर बघत्यात. हात ठेवून उभंच राहत्यात. परवा तर डोळ्यांत पाणी हुतं त्यांच्या." त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवून दिला. "त्यांनी आपली रीत म्हणून म्हटलं असंल, तुमचीच हाय. आन मी येडा, उचलून घेऊन आलो. एकट्या माणसाचा इरंगुळा काढून आणला बघ मी."

भाऊ बॉनेटवर हात का ठेवायचे ते मला ठाऊक होतं. पोराच्या कपाळाला हात लावून ताप बघतात, तसे ते गाडीचा ताप बघायचे. त्यांचा गाडीत जीव नाही हे आबांना पटवायचं तर हात का ठेवतात तेही सांगायला हवं होतं. मी डब्याची झाकणं लावत बसले.

"तसं काही नाही," मी म्हणाले.

"हाय," आबा म्हणाले. "तू लेक हायेस, तू न्हाईच म्हणणार."

तिथून गाडीच्या दुरुस्त्यांना वेगळाच रंग चढला. आधी आबा ती नुसती चालती व्हावी म्हणून फिटरकडे पाठवायचे. आता ती नवी व्हावी म्हणून पाठवायला लागले. रेडिएटर बदलला, पाण्याचा पंप बदलला, हेड काढून घासून आणलं, तरी घाटात तापलीच. फिटर म्हणाला, इंजिन मेलंय, मढ्याला किती औषध घालणार. आबा म्हणाले, दुसरं टाक. आमच्या सासूबाई म्हणायच्या, "त्या गाडीपायी फिटरचा संसार उभा राहिला बघ." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, पण मला तो लागायचा. घरात पंखा बिघडला तरी मी दचकायचे, जणू तोही माझ्या माहेरून आला होता.

दसऱ्याला आबांनी भाऊंना मुद्दाम कराडला बोलावून घेतलं. भाऊ एस.टी.ने आले. दारात गाडी उभी होती, नवा पांढरा रंग दिलेली, झेंडूचा हार घातलेली, चाकांना हळदकुंकू लावलेलं. गल्लीतली चार माणसं सोनं द्यायला आली होती. भाऊ सवयीने गाडीकडे गेले आणि त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. आबांनी माझ्याकडे बघून मान हलवली, बघ, मी म्हणत होतो की नाही.

मग आबांनी आपट्याची पानं भाऊंच्या हातात दिली. पानांखाली किल्ली होती.

"सोनं घ्या, भाऊसाहेब. गाडी तुमचीच हाय. आता न्हाई म्हणू नका, सणाचा दिस हाय."

भाऊंचा चेहरा पांढरा पडला. त्यांना काय वाटलं ते त्या अंगणात फक्त मला कळलं. गाडी परत केली, त्यांना वाटलं. चार लोकांत, सणाच्या दिवशी, हसत हसत, तुमचा खराब माल तुम्हाला परत. मागे कुणीतरी कुजबुजलंही, "व्याह्याची गाडी माघारी दिली वाटतं." आबांनी ते ऐकलं नाही, ते आनंदाने फुलले होते. भाऊंनी ऐकलं. त्यांनी किल्ली मुठीत धरली आणि "उपकार झाले" असं काहीतरी पुटपुटले.

सासूबाई म्हणाल्या, "नीला, जा तूबी वडलांसंगं. दोन दिस ऱ्हा आन ये."

पाटण मागे पडल्यावर भाऊ म्हणाले, "तुला काही बोलले का ते?"

"नाही. भाऊ, त्यांनी रागाने नाही दिली. तुमचा जीव आहे गाडीत असं वाटतं त्यांना. तुम्ही हात ठेवता ना बॉनेटवर, ते बघून." आणि मी दुकानातली ती दुपार सगळी सांगितली.

भाऊ ऐकत होते आणि गाडी चालवत होते. गाडी तक्रार न करता चालत होती. हेळवाकच्या पुढे, घाट उतरायला सुरुवात व्हायच्या आधी त्यांनी ती कडेला घेतली. खाली उतरले, बॉनेटवर हात ठेवला. मग बॉनेट उघडलं.

मी जवळ गेले. आत सगळं दुसरंच होतं. इंजिन, नळ्या, पट्टा, टाकी. स्वच्छ पुसलेलं, तेलाचा एक डाग नाही.

"यात माझं काहीच राहिलं नाही गो," भाऊ म्हणाले. "नंबर तेवढा माझा."

ते रस्त्याच्या कठड्यावर बसले आणि रडायला लागले. आई गेली तेव्हा मी त्यांना रडताना पाहिलं होतं, त्यानंतर आत्ता. मी शेजारी बसून राहिले. खाली कोकण दिसत होतं, आमच्या घराकडची हिरवी बाजू.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले. "बस गाडीत. परत जायचं."

"कुठे?"

"कराडला. मी सांगून टाकतो त्यांना. ही गाडी मी अशी खाली नेली तर मला झोप लागायची नाही."

"आता कशाला?" माझा आवाज चढला. "ते खूश आहेत. गाडी नीट झाली, तुमची तुम्हाला मिळाली. तुम्ही सांगून मोकळे व्हाल आणि घाट उतराल. मला तिथे राहायचंय."

"म्हणूनच. तुला काही ठाऊक नव्हतं असं मी सांगणार. तू नुसती उभी राहा. बोलू नकोस."

मी गाडीत जाऊन बसले. त्यांनी गाडी वळवली.

आम्ही गल्लीत शिरलो तेव्हा आबा ओट्यावर बसले होते. गाडी बघून ते ताडकन उठले, आत गेले आणि आम्ही उतरेपर्यंत तांब्याची कळशी भरून बाहेर आले. हिंदकळून त्यांचं धोतर भिजलं होतं.

"काय झालं? परत तापली?"

त्या कळशीकडे बघून भाऊंचे हात जोडले गेले.

"नाही आबासाहेब. गाडी उत्तम आहे. मी खराब आहे." आणि त्यांनी तिथेच, अंगणात उभ्या उभ्या, फिटरपासून एस.टी.पर्यंत सगळं सांगितलं. हेडला चीर असल्याचं ठाऊक होतं. गाडी देताना ठाऊक होतं. बॉनेटवर हात ठेवायचो तो मायेने नव्हे, भीतीने.

आबांनी कळशी हळूच खाली ठेवली. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते ऐकत होते आणि त्यांचा चेहरा थोडा थोडा म्हातारा होत होता. ज्या अपराधाने ते वर्षभर झुरले, तो त्यांनी केलेलाच नव्हता, आणि हे त्यांना त्यांच्याच अंगणात कळत होतं.

"वर्षभर मी सोताला शिव्या दिल्या, भाऊसाहेब," ते म्हणाले. "एकट्या माणसाची गाडी वढून आणली म्हणून."

भाऊंनी मान खाली घातली.

मग आबांनी विचारलं, "पोरीला ठावं हुतं?"

"नाही," भाऊ म्हणाले. एका श्वासात म्हणाले. "तिला काहीच ठाऊक नव्हतं. शपथ घेऊन सांगतो."

आबांनी मोठा श्वास सोडला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "तेवढं बरं झालं," ते म्हणाले. "घरातल्या माणसानं तरी फसवलं न्हाई."

मी नुसतं उभं राहायचं ठरलं होतं. भाऊ माझ्याकडे बघत होते, बोलू नकोस म्हणत होते डोळ्यांनी. पण आबांचा तो सुटलेला श्वास मला सोसला नाही.

"ठाऊक होतं, आबा," मी म्हणाले. "गणपतीपासून ठाऊक होतं. तुम्ही दुकानात मला विचारलंत तेव्हाही ठाऊक होतं."

सासूबाई दारात येऊन थबकल्या. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. एका दिवसात ते दोनदा खोटे ठरले होते. पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने, आणि त्याबद्दल त्यांना माफी मिळालीही असती. दुसऱ्यांदा माझ्यामुळे, आणि तेही माझ्यासाठीच घेतलेल्या शपथेपायी.

आबा भाऊंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अंधार व्हायच्या आत घाट उतरा. गाडी तुमची हाय, घेऊन जा. पोरगी आमची हाय, ती ठेवून जा."

यात राग होता की माया होती, ते तेव्हा मला कळलं नाही. माझी पिशवी आबांनीच गाडीतून काढून आत नेली. भाऊ एकटे गाडीत बसले. हार सुकून वाकडा झाला होता, तो त्यांनी नीट केला नाही. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

आबा त्यावर मला पुन्हा कधी एक अक्षर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी "नीलाबाई, चहा" अशी हाक नेहमीसारखी आली. मी चहा नेला, त्यांनी तो बशीत ओतून घेतला आणि बशी माझ्यापुढे करून म्हणाले, "आधी तू घे." राग नव्हता, एवढं तेव्हा कळलं. त्यांच्या घरात मला आयुष्यात काही कमी पडलं नाही.

भाऊ पुढे कराडला आले की एस.टी.नेच यायचे. आबा त्यांना घ्यायला स्टँडवर जायचे, दोघं हळूहळू चालत घरी यायचे, पिकापाण्याचं, आंब्याच्या मोहोराचं बोलायचे. गाडीचं नाव दोघंही काढत नसत. ती चिपळुणात दारात उभी असायची. तापत नव्हती, पण भाऊ ती फारशी बाहेर काढत नसत.

रविवारचा फोन मात्र चालू राहिला. आता त्यांचा पहिला प्रश्न बदलला होता.

"तू कशी आहेस?"

"छान," मी म्हणायचे.

मी खरंच छान होते. पण भाऊंना ते पटायचं नाही. त्या 'छान'वर त्यांनी वर्षभर विश्वास ठेवला नव्हता आणि दर वेळी मागची एस.टी. पकडली होती. आता माझं 'छान' पडताळायला पकडावी अशी एस.टी. नव्हती. फोन ठेवण्याआधी ते एवढंच विचारायचे, "नक्की ना गो?"